अंडी देणे थांबलेल्या कोंबड्यांचे काय करावे?

आगरवाला, गुहागर

नमस्कार. निवृत्तीनंतर आम्ही दोघे गुहागर तालुक्यातील आमच्या जुन्या घरी राहावयास आलो आणि नारळी-सुपारीच्या आगरात कोंबड्या पाळू लागलो. सध्या खुराड्यात चौदा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. कोंबड्यांपैकी नऊ ग्रामप्रिया या सुधारित जातीच्या आहेत व पाच गावठी. ग्रामप्रिया तीन वर्षांच्या होत आल्या; गावठींपैकी दोन त्याहून जुन्या असाव्यात, कारण त्या शेजाऱ्यांकडून मोठ्या झालेल्याच आणल्या होत्या. पहिल्या वर्षी अंडी नातेवाइकांना वाटूनही उरत असत. आता दसऱ्यापासून दिवसाला दोन, क्वचित तीन अंडी मिळतात, आणि खाद्य मात्र पूर्वीइतकेच लागते.

यांचे पुढे काय करावे, यावर घरात एकमत होत नाही. शेजारी म्हणतात की मार्गशीर्ष लागला की गिऱ्हाईक कमी होईल, तेव्हा त्याआधीच विकून मोकळे व्हा. गावात मोटारसायकलवरून एक व्यापारी येतो. तो पाय बांधून कोंबड्या हँडलला उलट्या टांगून नेतो, ते आमच्या सौभाग्यवतींना बघवत नाही आणि खरे सांगायचे तर मलाही बघवत नाही. आम्ही मासे-कोंबडी खाणारे आहोत, त्यामुळे कापण्याला तत्त्वतः विरोध आहे असे नाही. पण आपल्या हातून दाणे खाल्लेली कोंबडी आपल्याच पातेल्यात घालावी का, हा प्रश्न वेगळा आहे. ज्यांनी हा निर्णय स्वतः घेतला आहे त्यांनी तो कसा घेतला, ते कृपया सविस्तर लिहावे.

पशुवैद्य, सातारा

आगरवाला साहेब, विकणे, कापणे की सांभाळणे हा प्रश्न नंतरचा आहे. चौदापैकी नेमक्या कोणत्या कोंबड्यांनी अंडी देणे थांबवले आहे आणि ते कायमचे थांबले आहे की तात्पुरते, हे तुमच्या लिहिण्यावरून कळत नाही. सध्याचे दिवस पाहता त्यांतील काही जणी केवळ पिसे गाळत असण्याची शक्यता बरीच आहे. पावसाळा सरल्यावर, दिवस लहान होऊ लागला की मोठ्या कोंबड्या जुनी पिसे टाकून नवी घेतात, आणि त्यासाठी लागणारी प्रथिने अंड्यांकडून पिसांकडे वळत असल्याने दोन-तीन महिने अंडी जवळपास बंद पडतात. भरपूर अंडी मिळण्यासाठी कोंबडीला चौदा ते सोळा तास उजेड लागतो; डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. त्यात खुडूक (अंडी उबवायला) बसलेली, जंत झालेली, अंगावर उवा-पिसवा असलेली कोंबडीही अंडे देत नाही. आगरासारख्या ठिकाणी आणखी एक शक्यता तपासावी. कोंबड्या अंडी झावळ्यांच्या ढिगात लपवून घालतात आणि ती मुंगूस, साप किंवा कावळा फस्त करतो, त्यामुळे मालकाला वाटते की कोंबडी थकली.

तपासणी रात्री करावी. कोंबड्या बसल्या की अंधारात त्या शांत असतात. टॉर्च घेऊन एकेकीला काखेत धरावे. पहिल्यांदा तुरा पाहावा. अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा लालभडक, भरलेला व हाताला ऊबदार लागतो, बंद झालेलीचा आक्रसलेला, फिकट आणि कोंडा धरलेला असतो. त्यानंतर गुदद्वार पाहावे. ते रुंद, ओलसर आणि फिकट असेल तर कोंबडी अंडी देत आहे. आकुंचित, कोरडे, सुरकुतलेले असेल तर देत नाही. त्याच्या खाली दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडे बोटांना लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे सहज मावली तर अंडी चालू आहेत. एकच बोट कसेबसे मावत असेल तर बंद आहेत.

पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत आणखी एक खूण मिळते. मक्यातील व हिरव्या पाल्यातील जो पिवळा रंग कातडीत साठतो तो अंडी सुरू झाल्यावर बलकात जाऊ लागतो, म्हणून गुदद्वार, डोळ्याभोवतीची कड, चोच आणि शेवटी पाय या क्रमाने पिवळेपणा उतरतो, आणि अंडी थांबली की त्याच क्रमाने परत चढतो. तेव्हा पिसे विस्कटलेली, पायांचा रंग उडालेली, दिसायला गचाळ कोंबडी बहुधा घर चालवत असते आणि पिवळ्याधमक पायांची, तुकतुकीत कोंबडी आयते खात असते. नवखा पाळणारा नेमका उलटा निर्णय घेतो.

ज्यांच्याविषयी शंका राहील त्यांच्या पायात रंगीत प्लॅस्टिकची कडी घालावी आणि आठवडाभर त्यांना वेगळ्या खोपटात ठेवून मोजावे. तोपर्यंत कोणाच्याही सांगण्यावरून कोंबडी विकू नये.

पोल्ट्रीवाला, सांगली

डॉक्टरांनी लिहिले ते बरोबर आहे. मी फक्त हिशेबाची बाजू मांडतो, कारण भावनेपोटी ती बाजूला पडते.

आमच्याकडे पिंजऱ्यातील पांढऱ्या लेअर (अंड्यांसाठी पाळलेल्या) कोंबड्यांचा लॉट साधारण बहात्तर ते ऐंशी आठवड्यांचा झाला, अलीकडच्या जातींत त्याहून थोडा पुढे गेला, की पूर्ण शेड एकदम रिकामी होते. ती कोंबडी तेव्हाही अंडी देतच असते. पण अंड्यांची संख्या घटलेली असते, अंडे आकाराने मोठे व कवचाने पातळ झालेले असते आणि फुटीचे प्रमाण वाढते. दर वर्षी उत्पादन साधारण पंधरा ते वीस टक्क्यांनी खाली येते असे धरून चालावे. अशा कोंबडीला बाजारात ब्रॉयलरइतकाही दर मिळत नाही, कारण तिचे वजन दीड किलोच्या आसपास असते आणि मांस चिवट.

आता तुमचा हिशेब. पूर्ण विकतच्या खाद्यावर ठेवलेली कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाते, म्हणजे वर्षाला सुमारे ४२ किलो. खाद्य किलोला ३५ रुपये धरले तर एका कोंबडीचे वर्षाचे जवळपास १,५०० रुपये होतात. आगरात मोकळी फिरून किडे, गवत, उष्टे-खरकटे खाणारी कोंबडी याच्या निम्म्यातही भागवते. ज्या घरी कणी आणि कोंडा घरचाच आहे तेथे खर्च आणखी कमी येतो. अंडी बंद झालेल्या पाच कोंबड्या ठेवायच्या झाल्यास वर्षाला किती रुपये जातात ते कागदावर मांडावे आणि तेवढे देण्याची तयारी असेल तर खुशाल ठेवाव्यात. परवडत नसताना ठेवणे आणि मग खाद्य आखडून सगळ्यांनाच अर्धपोटी ठेवणे, हे मी अनेक घरी पाहिले आहे. त्यात अंड्यावरच्या कोंबड्याही बंद पडतात.

एक सूचना. ग्रामप्रिया आणि गावठी यांचा विचार एकत्र करू नका. ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने अंड्यांसाठी तयार केलेली जात आहे. परसात ती वर्षाला दीडशेच्या पुढे अंडी देते आणि मग लवकर उतरते. गावठी मुळातच वर्षाला साठ-सत्तर अंडी घालते, थांबून थांबून घालते, आणि त्यामुळे तिचे वय लवकर कळत नाही.

माडाखाली, कुडाळ

पोल्ट्रीवाले दादांचा हिशेब शेडसाठी योग्य आहे. परसातल्या गावठी कोंबडीला तो तसाच्या तसा लावला तर ती नेहमीच तोट्यात दिसेल, कारण तिचे मोठे काम अंड्यांच्या टोपलीत दिसत नाही. आमच्याकडे सर्वांत जुनी कोंबडी रवणीसाठी, म्हणजे अंडी उबवायला बसवण्यासाठी, राखून ठेवतात. ग्रामप्रिया, गिरिराज या सुधारित जातींत खुडूकपणा निवडीने जवळजवळ काढून टाकलेला असल्याने त्या क्वचितच रवणीला बसतात. गावठी मात्र अंडी कमी झाली तरी वर्षातून दोन-तीन वेळा खुडूक होते. तिच्याखाली दहा-बारा अंडी मावतात, एकवीस दिवसांनी पिल्ले निघतात, आणि घार दिसली की पिल्लांना पंखाखाली घेण्याचे, कोणता किडा खावा नि कोणता टाकावा हे दाखवण्याचे काम अनुभवी कोंबडी जसे करते तसे पहिलटकर तलंग (तरुण कोंबडी) करत नाही. पहिल्या खेपेची तलंग कित्येकदा दहा-बारा दिवसांनी रवण सोडून उठते आणि सगळी अंडी फुकट जातात. विजेवर चालणारे अंडी उबवणी यंत्र आमच्या गावात पावसाळ्यात भरवशाचे नाही. म्हातारी कोंबडी आहे.

आगरवाला काका, तुमच्या पाच गावठींपैकी कोणती चांगली बसते ते काकूंना नक्की माहीत असेल. तिला विकू नका.

आता खाण्याविषयी. म्हाताऱ्या कोंबडीचे मांस वाईट नसते, ते घाईला वाईट असते. ब्रॉयलरच्या वेळेत शिजवू पाहिले तर रबर चघळल्यासारखे होते. कापल्यावर लगेच चुलीवर न ठेवता काही तास थंड जागी ठेवावी, हळद, मीठ आणि कच्च्या पपईचा थोडा कीस लावावा, आणि मग कुकरच्या शिट्ट्या न मोजता मंद आचेवर मांस हाडापासून सुटेपर्यंत शिजू द्यावी. रस तर जुन्या कोंबडीचाच चांगला लागतो, हे मालवणी माणसाला सांगायला नको. पोटात पिवळ्या लहान-मोठ्या अंड्यांची माळ निघाली तर ती रश्श्यात शेवटी सोडतात. पण अशी भरलेली माळ निघाली तर ती कोंबडी अंड्यावरची होती हेही तेव्हाच कळते, आणि मग घरात बोलणी बसतात.

आठवडी बाजारात जुनी कोंबडी तलंग म्हणून विकणारेही भेटतात. छातीच्या हाडाचे मागचे टोक बोटाने दाबून पाहावे. कोवळ्या कोंबडीचे ते कूर्चेसारखे वाकते, जुनीचे कडक झालेले असते. तुम्ही विकलीत तर वय खरे सांगून विका, रश्श्यासाठी मुद्दाम जुनी मागणारे गिऱ्हाईक असते.

फक्त अंडी, पुणे

मी मांसाहार करीत नाही. घरी अंडी खाल्ली जातात म्हणून शहराबाहेरच्या जागेत काही कोंबड्या आहेत. माझ्यापुरता निर्णय सोपा होता, कारण कापण्याचा पर्याय नव्हता. मात्र ‘शेवटपर्यंत सांभाळणे’ म्हणजे नुसते न मारणे नव्हे, हे येथे नोंदवावेसे वाटते. कोंबडी पाच ते आठ वर्षे सहज जगते, काही त्याहूनही अधिक. उतारवयात त्यांना अंडाशयाच्या गाठी होतात, पोटात पाणी होते, अंडे आत अडकते किंवा बलक पोटातच सांडून जंतुसंसर्ग होतो. मग कोंबडी शेपूट खाली सोडून, पोट ओढत, उभी उभी चालते आणि खाणे सोडते. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींच्या रांगेत एका कोंबडीवर उपचार करून घेणे वाटते तितके सोपे नाही. सांभाळायचे ठरवले तर असा दिवस येणार हे धरून, त्या दिवशी तिचे हाल कोण आणि कसे थांबवणार, हेही आधीच ठरवावे लागते.

आणखी एक. कोंबड्या देवळाच्या आवारात किंवा रानात ‘सोडून देण्याचा’ सल्ला मला अनेकांनी पुण्यकर्म म्हणून दिला. खुराड्यात वाढलेली कोंबडी रानात दोन रात्रीही काढत नाही. पाळलेले जनावर उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यान्वये गुन्हाही आहे.

पोल्ट्रीवाला, सांगली

‘फक्त अंडी’ यांच्या दुसऱ्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. पहिल्याबाबत एवढेच म्हणेन की हाल झाल्यावर मारण्यापेक्षा हाल होण्याआधी मारणे अधिक दयेचे आहे, असेही कोणी म्हणू शकेल.

फक्त अंडी, पुणे

म्हणू शकेल. मी म्हणणार नाही. तिला चांगली तीन-चार वर्षे आणखी मिळणार असतील तर पुढच्या आजाराच्या नावाने ती आजच काढून घेण्याचा अधिकार मला पटत नाही. खर्चाचे कारण प्रामाणिक असते. दयेचे कारण पुढे करू नये.

थेम्सकाठी, रेडिंग

येथे इंग्लंडमध्ये याच प्रश्नाचे दुसरे टोक दिसते. सुमारे बहात्तर आठवड्यांच्या, पोल्ट्रीतून काढलेल्या कोंबड्या कत्तलखान्यात जाण्याऐवजी घरोघरी पाळायला देणारी ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट नावाची संस्था २००५ पासून काम करते, आणि लोक रांगा लावून त्या घेऊन जातात. आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर धड पिसे नव्हती. परसात आल्यावर पिसे आली आणि त्या पुन्हा अंडी देऊ लागल्या. म्हणजे कारखान्याने ‘संपली’ म्हटलेली कोंबडी घरासाठी संपलेली नसते. नियम मात्र कडक आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी असली तरी सरकारदरबारी नोंद सक्तीची आहे, आणि स्वयंपाकघरातील उरलेसुरले कोंबड्यांना घालण्यास बंदी आहे. या चर्चेत उष्ट्या-खरकट्याचा उल्लेख वाचून हेवा वाटला.

आगरवाला, गुहागर

सर्वांचे आभार. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रात्री तपासणी केली. सौभाग्यवती टॉर्च धरून होत्या आणि कोणती कोंबडी कोणती हे सांगत होत्या. मला तर अंधारात सगळ्या सारख्याच दिसल्या. ग्रामप्रियांपैकी चार जणींच्या मानेवर आणि पाठीवर नव्या पिसांचे खुंट हाताला टोचतात, म्हणजे त्या पिसे गाळत आहेत. दोघींची हाडे रुंद आहेत आणि तुरा लाल आहे. उरलेल्या तिघी मात्र सर्व खुणांनी बंद दिसतात. पाय पिवळेजर्द, पोट घट्ट, एकच बोट मावते. गावठींपैकी एक जण झावळ्यांच्या ढिगामागे अंडी घालत होती. तेथे सात अंडी सापडली.

एक शंका. आम्ही सर्वांना लेअर मॅशच (अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य) देतो. बंद झालेल्यांना तेच देत राहावे का? आणि त्या तिघींना कापायचे ठरल्यास काय काळजी घ्यावी?

पशुवैद्य, सातारा

लेअर मॅशमध्ये अंड्याच्या कवचासाठी साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. अंडी न देणाऱ्या कोंबडीला आणि कोंबड्याला ते दीर्घकाळ दिल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो. मिश्र कळपाला ग्रोअरचे (वाढत्या कोंबड्यांचे) खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. जिला हवा ती खाते. पिसे गाळणाऱ्यांना सुकटीची पूड किंवा शेंगदाण्याची पेंड थोडी वाढवून द्यावी, मात्र पेंड बुरशीची नसावी. उपाशी ठेवून पिसे झडवण्याचा जुना उपाय कोणी सुचवला तर तो करू नये. तो क्रूर आहे.

कापायचे असल्यास आदल्या रात्रीपासून खाद्य बंद ठेवावे, पाणी चालू ठेवावे. पकडण्याचे काम पहाटे अंधारात करावे, पाठलाग करू नये. उलटे लटकवून ठेवू नये, इतर कोंबड्यांसमोर कापू नये आणि सुरी खरोखर धारदार असावी. स्वतःला सवय नसेल तर सवय असलेल्याला घरी बोलवावे. व्यापाऱ्याच्या हँडलला टांगून बाजारापर्यंत जाण्यापेक्षा हे कोंबडीसाठी बरे. जंताचे औषध किंवा प्रतिजैविक दिले असेल तर पाकिटावर लिहिलेले दिवस भरू द्यावेत. या काळात अंडीही खाऊ नयेत.

मरगळलेली, हिरवट हगवण लागलेली, मान वाकडी झालेली कोंबडी म्हातारी आहे असे समजून कापू नये. तो मानमोडी (राणीखेत) रोग असू शकतो. एकाच वेळी अनेक कोंबड्या अचानक मेल्या तर मांस खाऊ नये, विकू नये, आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. बर्ड फ्लू देशात प्रथम आढळला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात, २००६ मध्ये. २०२१ मध्ये परभणीतील मुरुंबा येथेही त्याचीच लागण निघाली. दोन्ही वेळा आसपासच्या हजारो निरोगी कोंबड्याही माराव्या लागल्या.

आगरवाला, गुहागर

आमचे ठरले ते असे. चौघी पिसे गाळून होईपर्यंत, म्हणजे माघापर्यंत, थांबायचे. गावठींना हात लावायचा नाही. तिघी बंद झालेल्यांपैकी एकीला सौभाग्यवतींनी नाव ठेवलेले आहे, त्यामुळे ती राहील. तिचा वर्षाचा खर्च पोल्ट्रीवाल्यांच्या हिशेबाने मांडून मी वहीत लिहून ठेवला आहे. उरलेल्या दोघी देवदिवाळीच्या राखणीला (राखणदार देवाच्या मानाला) वाडीतल्या माणसाकडून घरीच कापून घेऊ. सौभाग्यवती त्या दिवशी बहिणीकडे जाणार आहेत, आणि मी त्यांना थांबवणार नाही.

नवी पिल्ले आणायची झाल्यास ती या जुन्यांत लगेच सोडता येतील का?

माडाखाली, कुडाळ

लगेच सोडू नका, काका. जुन्या कोंबड्या चोची मारून पिल्लांना अर्धमेले करतात, आणि स्वतः धडधाकट असल्या तरी त्यांच्याकडून पिल्लांना रोग लागतात. विकतची पिल्ले असतील तर लासोटा (मानमोडीची लस) आणि पुढची लस वेळेवर देऊन घ्या, वेगळ्या जागी वाढवा, अंगाने बरोबरीची झाली की आठवडाभर मध्ये जाळी ठेवून एकमेकींना दिसू द्या आणि मग संध्याकाळी अंधार पडल्यावर एकत्र सोडा.

पण माझे ऐकाल तर पिल्ले विकत घेऊच नका. थंडी उतरली की तुमची ती ढिगामागची गावठी बहुतेक खुडूक होईल. कोंबडा आहेच. त्या वेळी अंड्यावर असलेल्या ग्रामप्रियांची आठवड्याच्या आतली अंडी फ्रिजमध्ये न ठेवता टोपलीत जमवा, पेन्सिलीने खूण करा म्हणजे दुसरीने येऊन घातलेले ताजे अंडे ओळखू येईल, आणि रात्री तिच्या पोटाखाली सरकवा. फाल्गुनात पिल्ले निघाली तर मृग लागेपर्यंत पावसाला तोंड देण्याइतकी होतात. संकराची पिल्ले ग्रामप्रियाइतकी अंडी देणार नाहीत, हे मात्र धरून चाला.